जोत्याखालची ओल

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत तळमजल्याच्या खोलीतली गादी जुलैमध्ये उचलली, तर तिच्याखालची फरशी बहुधा ओली लागते. ही ओल तीन वाटांनी येते. एक जमिनीतून वर चढते, दुसरी दमट हवेतून फरशीवर उतरते आणि तिसरी घरातल्याच नळांतून, मोरीतून, नहाणीतून झिरपते. तिन्हींचे डाग दिसायला सारखेच, उपाय मात्र निरनिराळे. आणि एकीवरचा उपाय दुसरीला बळ देतो, असेही पुष्कळदा होते. थंड देशांत लाकडी घराच्या फरशीखाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी ठेवण्याची रीत आहे आणि ती फरशी थंडीपासून व ओलीपासून कशी राखावी याचे मोठे शास्त्र तिथे तयार झाले आहे. ठाणे जिल्ह्यात तशी पोकळी कोणी ठेवत नाही. तिची जागा जुन्या घरांत भरीव जोत्याने घेतली, आणि अलीकडच्या इमारतींत स्टिल्टने, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीच्या पोटाखाली गाड्या लावायला सोडलेल्या मोकळ्या जागेने.

ओलीला इथे खाद्य भरपूर. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी आणि तिचीच पुढे झालेली खाडी. ठाण्यात कोलशेत, बाळकूम, राबोडीच्या कडेची जमीन, डोंबिवली पश्चिमेत मोठागाव आणि रेतीबंदराकडे उतरत जाणारी जमीन, कल्याणात दुर्गाडीच्या पायथ्याचा भाग, हे सगळे एकेकाळचे खाजण किंवा त्याचा शेजार. कळव्याजवळच्या खारेगावाच्या तर नावातच खार आहे. अशा ठिकाणी भूजल पावसाळ्यात जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येऊन थांबते आणि त्याच्या जोडीला मीठ असते. उंचावरच्या भागांत मुरूम आणि काळा पाषाण लागतो. तिथे पाणी लवकर वाहून जाते, पण खडकाच्या भेगांतून उतरणारे झरे भर पावसात घराच्या मागच्या भिंतीला येऊन टेकतात.

जमिनीतले पाणी वर का चढते, याचे उत्तर केशाकर्षणात आहे. बारीक नळीत पाणी आपोआप वर जाते, आणि नळी जितकी बारीक तितके अधिक उंच. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते जेमतेम दीड सेंटिमीटर चढते. शंभर पट बारीक नळीत दीड मीटर. माती, वीट, चुना आणि सिमेंटचा मसाला या सर्वांत अशा बारीक नळ्यांचे जाळे असते. प्रत्यक्ष भिंतीत बाष्पीभवनामुळे पाणी मीटरभर, फार तर दीड मीटर चढून थांबते. चाळीतल्या खोलीत गुडघ्यापासून कमरेपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात आणि वरची भिंत ठणठणीत राहते, ते यामुळेच. ज्या थरातली छिद्रे मोठी आहेत तिथे हा प्रवास तुटतो. दगडांच्या दोन-दोन इंची फटींतून पाणी वर चढूच शकत नाही. जोत्याच्या रचनेतला सारा शहाणपणा या एका गोष्टीवर उभा आहे.

कल्याणातल्या पारनाका, टिळक चौक भागातल्या किंवा ठाण्याच्या चरई, खारकर आळीतल्या जुन्या घरांना घडीव काळ्या दगडाचे जोते असे. आत दगडगोटे आणि मुरूम भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून पक्का करत. वर मातीची जमीन, आणि ती शेणाने सारवलेली. मातीची जमीन ओल अडवत नाही, हे खरे. पण ती ओल धरूनही ठेवत नाही. खालून जो थोडा दमटपणा येई तो खोलीभर पसरलेल्या पृष्ठभागातून हवेत निघून जाई आणि वरचेवर सारवण्यामुळे जमिनीची डागडुजी आपोआप होत राही. पावसाळ्यात अंथरुणाखाली चटई किंवा घोंगडे, धान्य कणगीत, आणि कणगीच्या बुडाशी दगड किंवा लाकडी ओंडके, ही त्या व्यवस्थेची उरलेली बाजू. फरशीखाली हवा खेळती ठेवण्याची युक्ती इथे माणसापेक्षा भाताच्या वाट्याला आधी आली.

पुढे मातीवर शहाबादी फरशी आली, मग मोझॅक, आणि शेवटी गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल. शहाबादी हा चुनखडीचा दगड. तिच्या रुंद सांध्यांतून जमीन थोडीफार श्वास घेत राहिली. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही. जुन्या जोत्यावर थेट अशी टाइल बसवली की खोलीभर पसरून निघून जाणाऱ्या ओलीची वाट बंद होते आणि ती कडेला सरकून भिंतीत चढते. फरशी बदलल्यावर दोन पावसाळ्यांत भिंती खराब झाल्या, ही अनेक जुन्या घरांतली तक्रार असते आणि दोष रंगाऱ्याला लागतो. रंगारी निर्दोष असतो असे नाही, पण या बाबतीत बहुधा असतो.

नव्या बांधकामात जोत्याचे थर असे येतात. आधी वरची काळी किंवा चिकण माती काढून टाकतात, कारण ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते. मग मुरमाची भरणी, एका वेळी पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि ठोकून. त्यावर सोलिंग: नऊ इंच उंचीचे दगड हाताने उभे रचायचे, एकमेकांना चिकटून, आणि फटींत लहान चिपा ठोकायच्या. केशाकर्षण तोडणारा थर हाच. दगड उभे रचण्याऐवजी ट्रकमधून ओतून वर मुरूम पसरला की फटी बारीक मातीने भरतात, दिसायला सोलिंग होते आणि कामाला मुरूमच उरतो. बिगाऱ्याची मजुरी वाचवण्याची ही जुनी रीत आहे आणि पुढे ती उघडी पडत नाही, कारण लगेच वर काँक्रीट येते.

सोलिंगवर दहा सेंटिमीटर साधे काँक्रीट, म्हणजे पीसीसी. या दोहोंच्या मध्ये पॉलिथिनचा कागद अंथरावा. किमान २५० मायक्रॉन, दुकानदाराच्या भाषेत हजार गेजचा. सांध्यांवर तो पंधरा-वीस सेंटिमीटर एकावर एक चढवून टेपने चिकटवायचा आणि कडेला वर वळवून भिंतीतल्या ओलरोधक पट्टीला मिळवायचा. सोलिंगचे टोकदार दगड कागद फाडतात, म्हणून आधी रेतीचा पातळ थर देऊन दगड झाकून घेतात. एवढ्याशा कामाला अर्धा दिवस लागतो. नंतर तोच कागद घालायचा म्हटले तर सगळी जमीन उखडावी लागते.

भिंतीतली पट्टी म्हणजे डीपीसी. जोत्याच्या पातळीवर भिंतीच्या पूर्ण रुंदीत चार-पाच सेंटिमीटर जाडीचे, जलरोधक मिसळलेले घट्ट काँक्रीट आणि त्यावर गरम डांबराचा हात. भारतीय मानक ३०६७ मध्ये या कामाचे तपशील दिलेले आहेत, आणि राष्ट्रीय इमारत संहितेत जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे असे म्हटले आहे. पट्टी नीट घातली तरी बाहेरचा गिलावा तिच्यावरून थेट जमिनीपर्यंत उतरवला, की पाणी गिलाव्याच्या जाडीतून पट्टीला वळसा घालून वर जाते. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना मातीची भर पट्टीच्या वर आली तरी तेच होते.

पट्टीच्या वर माती येण्याचे या शहरांतले सर्वांत मोठे कारण मात्र रस्ते आहेत. डांबराचे थर एकावर एक चढत गेले, मग त्यावर काँक्रीट आले, आणि प्रत्येक वेळी रस्ता चार-सहा इंच वर गेला. डोंबिवलीच्या रामनगर, विष्णूनगर भागातल्या जुन्या दुमजली घरांत आणि कल्याणच्या चाळींत रस्त्यावरून तळमजल्यात शिरताना पायरी चढण्याऐवजी उतरावी लागते, अशी स्थिती काही ठिकाणी आली. तिथे जोते कागदोपत्री उरते. उपाय म्हणून लोक आतली जमीन उचलतात, दाराच्या फळ्या खालून कापतात, उंबरा वर घेतात. जमीन उचलताना तरी सोलिंग आणि कागद घालावा. प्रत्यक्षात घरातल्याच फुटक्या विटा आणि राडारोडा भरला जातो, आणि तो विटकरीचा भुगा स्पंजासारखा पाणी धरतो.

ओल अडवणे आणि पाण्याचा दाब अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदी फुगली आणि कल्याण, उल्हासनगर, बदलापूरचे सखल भाग पाण्याखाली गेले. खोलीत चार फूट पाणी उभे राहिले तर डीपीसीचा काही उपयोग होत नाही. भिंत दोन्ही अंगांनी आणि वरून भिजते. नऊ इंची विटेची भिंत एकदा पूर्ण भिजली की सुकायला काही महिने जातात. त्याआधी पुट्टी आणि रंग लावलेल्या भिंती पुढच्याच पावसाळ्यात सोलल्या जातात.

आता मीठ. भिंतीवर पांढरी पावडर फुटते तिला लोणा म्हणतात. जमिनीतले पाणी विरघळलेले क्षार घेऊन चढते; पाणी उडून जाते, क्षार पृष्ठभागाशी साचतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा आतून ढकलतात. खाडीकाठच्या शहरांत क्षार येण्याची आणखी एक वाट आहे. मुंब्रा, दिवा, कल्याणच्या खाडीतून उपसलेली रेती वर्षानुवर्षे या भागातल्या बांधकामांत गेली. गोड्या पाण्याने नीट न धुतलेल्या रेतीबरोबर मीठही गिलाव्यात जाते. मिठाचा गुणधर्म असा की हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागते. ठाण्यात पावसाळाभर आर्द्रता त्याहून अधिक असते. म्हणजे जमिनीतून एक थेंबही वर न चढता भिंत जूनमध्ये ओली होते आणि नोव्हेंबरमध्ये सुकून पांढरी पडते. अशा भिंतीला इंजेक्शन देऊन, म्हणजे तळाशी दहा-पंधरा सेंटिमीटरवर भोके पाडून त्यांत सिलेनसारखे जलरोधक रसायन भरून, काही साधत नाही. ते रसायन चढती ओल थांबवते. मीठ आहे तिथेच राहते. खारा गिलावा विटेपर्यंत खरवडून काढायचा, सांधे उकरायचे, भिंत काही आठवडे उघडी ठेवायची आणि मग धुतलेल्या रेतीचा नवा गिलावा करायचा, एवढाच मार्ग उरतो. पीओपीची पुट्टी अशा जागी मुळीच लावू नये. जिप्सम ओलीत मऊ पडतो.

दुसरी वाट हवेची. जूनच्या अखेरीस गुळगुळीत फरशीवर पाण्याचे बारीक थेंब उभे राहतात. घरात त्याला फरशीला घाम सुटला म्हणतात, आणि वर्णन म्हणून ते चुकीचे आहे, कारण घाम आतून येतो आणि हे पाणी वरून उतरते. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर तिचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. त्याहून थंड कोणत्याही पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. तळमजल्याची जमीन खालच्या मातीशी बांधलेली असते आणि काही फूट खोल मातीचे तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, म्हणजे इथे साधारण २७ अंशांच्या आसपास, टिकून राहते. एका अंशाचा फरक फरशी कोरडी की ओली हे ठरवतो. अशा दिवशी खिडक्या सताड उघडल्या की आणखी वाफ आत येते. पंखा मात्र उपयोगी पडतो, कारण फरशीचे तापमान तो हवेच्या जवळ आणतो. खोलीत दोरीवर वाळणारे कपडे ही पुढची भर: पाच किलो कपडे यंत्रातून पिळून निघाले तरी त्यांत अडीच-तीन लिटर पाणी असते, आणि पावसाळ्यात ते सगळे खोलीच्या हवेत जाते.

दमट हवा आत घेण्याची हीच चूक अमेरिकेत फरशीखालच्या पोकळीबाबत अनेक दशके चालली. पोकळीच्या भिंतीत दर दीडशे चौरस फूट फरशीमागे एक चौरस फूट झरोका ठेवावा, असा तिथला नियम. थंडीत तो चालून गेला. दक्षिणेकडच्या दमट राज्यांत उन्हाळ्यात त्या झरोक्यांतून ओली हवा थंड पोकळीत शिरे आणि फरशीचे लाकूड खालून भिजे. आता तिथे जमिनीवर जाड पॉलिथिन अंथरून पोकळी पूर्ण बंद करण्यालाही मान्यता आहे. ठाण्याची हवा त्या दक्षिणेची सख्खी बहीण, आणि हा धडा स्टिल्टच्या बाबतीत इथे लागू पडतो.

स्टिल्टवरच्या पहिल्या मजल्याची फरशी खालून उघडी असते. वरच्या खोलीत वातानुकूलन २४ अंशांवर चालते, खाली २९ अंशांची दमट हवा असते आणि तिचा दवबिंदू २६ अंशांच्या किंचित वर. स्लॅबचा खालचा पृष्ठभाग हवेच्या तापमानाजवळ राहतो, म्हणून तो सहसा ओला होत नाही. वाफ मात्र काँक्रीटमधून हळूहळू वर सरकते. उघडी टाइल असेल तर सांध्यांतून ती खोलीत येते आणि यंत्र ती उपसून टाकते. फरशीवर व्हिनाइल किंवा लॅमिनेटची लाकडी जमीन घातलेली असेल, तर वाफ तिच्या पोटाला अडते. तिथे तापमान २४-२५ अंश, म्हणजे दवबिंदूच्या खाली. पाणी तिथेच जमते, गोंद सुटतो, पट्ट्यांच्या कडा वर येतात, आणि खालून भुरीचा वास येऊ लागतो. थंड देशांत वाफ घराच्या आतून बाहेर जाते, म्हणून बाष्परोधक थर आतल्या बाजूला घालतात. ठाण्यात वाफ बाहेरून आत येते आणि रोधक थर खालच्या, म्हणजे स्टिल्टच्या बाजूला असावा लागतो. परदेशी पुस्तिकेतले चित्र जसेच्या तसे वापरले की थर नेमका उलट्या बाजूला बसतो.

त्या स्लॅबला उष्णतारोधन करावे का? विजेच्या हिशेबाने फारसे नाही. पाच अंशांच्या फरकाने दहा चौरस मीटरच्या शयनखोलीत फरशीतून सुमारे सव्वाशे वॅट उष्णता आत येते. एक टनाचे यंत्र साडेतीन हजार वॅट उपसते. तोच पैसा गच्चीवर घातला तर कितीतरी अधिक फळ देईल. लाकडी जमीन हवीच असेल, तर मात्र स्लॅबच्या पोटाला बंद पेशींचा फोम, एक्सपीएस किंवा पफ, फट न ठेवता चिकटवण्याला अर्थ आहे, कारण तो उष्णता आणि वाफ दोन्ही अडवतो. उघडी काचलोकर तिथे टांगली तर वाफ तिच्यातून आरपार जाऊन थंड स्लॅबवर पाणी होते आणि लोकर भिजून लोंबते. फोमचा दोष असा की तो पेट घेतो, आणि खाली पेट्रोलच्या व विजेवरच्या गाड्या उभ्या असतात. म्हणून त्यावर जाळी मारून सिमेंटचा गिलावा हवा, आणि सोसायटीची व अग्निशमन नियमांची संमती हवी. साध्या माणसाने टाइलच ठेवावी. इतक्या उपद्व्यापापेक्षा ती स्वस्त.

तिसरी वाट नळांची, आणि स्टिल्टच्या छताला दिसणारे बहुतेक डाग तिचेच. नहाणीचा स्लॅब आठ-नऊ इंच खाली दाबलेला असतो आणि ती खोलगट जागा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरतात. टाइलचे सांधे उघडले की पाणी त्या कोब्यात साठते आणि तिथून शयनखोलीच्या फरशीखाली सरकते. खालून स्लॅबच्या सळ्यांना गंज चढतो, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे खपले गाडीच्या टपावर पडतात. राज्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक लेखापरीक्षण सांगितले आहे. त्या अहवालांत स्टिल्टचे छत हमखास येते. ओलीमागून वाळवी येते. तळमजल्यावर भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेत दर ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोके पाडून औषध भरण्याची पद्धत मानक ६३१३ मध्ये आहे. पण ओल तशीच ठेवून भरलेले औषध काही वर्षांत निकामी होते आणि वाळवी परत येते.

कोणती वाट आहे हे ओळखण्याची सोपी कसोटी पॉलिथिनच्या तुकड्याची. दीड फूट लांबरुंद पारदर्शक तुकडा फरशीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि किमान सोळा तास ठेवायचा. खालच्या अंगाला थेंब किंवा फरशी काळवंडलेली दिसली तर ओल खालून येते. वरच्या अंगाला थेंब आले तर हवेतून. दोन्हीकडे काहीच नसेल आणि ओलसर डाग नहाणीच्या दिशेने वाढत असेल, तर नहाणीतून. मग नहाणीत पाणी तुंबवून चोवीस तास ठेवावे आणि खालच्या मजल्याचे छत पाहावे. पॉलिथिनची कसोटी पावसाळ्यातच घ्यायची असते. मे महिन्यात घेतली तर प्रत्येक घर कोरडे ठरते, आणि विकायला काढलेली तळमजल्याची खोली दाखवायला मे हाच आवडता महिना आहे.

कामाचा क्रम बाहेरून आत. आधी छपराचे आणि गच्चीचे पाणी जोत्यापासून दूर नेणारे पन्हळ आणि पाइप, मग भिंतीलगतची माती डीपीसीच्या खाली उतरवणे आणि उतार बाहेरच्या बाजूला देणे, तुंबलेले गटार मोकळे करणे. कितीतरी घरांत ओल एवढ्यावरच निम्मी होते. त्यानंतर नहाणी. खारा गिलावा त्यापुढे. जमीन उखडून सोलिंग, कागद आणि काँक्रीट नव्याने घालणे सर्वांत शेवटी, कारण ते सर्वांत महाग आणि त्या काळात घर रिकामे करावे लागते. नवे काँक्रीट सुकायला दर इंचामागे साधारण महिना धरतात, म्हणजे चार इंची जमिनीला चार महिने. मार्चमध्ये काम काढले तर सुकणे जुलैवर जाते, आणि तेव्हा हवाच पाणी घ्यायला तयार नसते. तेच काम दिवाळी आटोपल्यावर लगेच काढले, तर होळी-पाडव्याच्या सुमारास वर फरशी बसवता येते.